अंबाजोगाईत दिसतं, दुबईत दिसत नाही: देशागणिक बदलणारे गूगलचे निकाल तपासायचे कसे

मागच्या दिवाळीआधी अंबाजोगाईहून एका ताईंचा फोन आला. त्यांचा बचत गट ज्वारीचं पीठ, कडक भाकरी आणि जवसाची चटणी विकतो. वेबसाइट मीच करून दिलेली. "दादा, इथं शोधलं की आपली साइट वरच येते. धाकटा दीर दुबईतून बघतोय, त्याला तीन पानं खाली गेलं तरी सापडेना. साइट बंद पडली का हो?"

साइट चालू होती. ताईंना दिसत होतं ते खरं आणि दिराला दिसत होतं तेही खरं. मी दोघांकडून स्क्रीनशॉट मागवले आणि शेजारी शेजारी ठेवून पाहिले. शब्द एकच, इंग्रजीत टाइप केलेला 'ज्वार फ्लोअर'. पहिल्या पानावरचा जेमतेम एक निकाल दोन्हीकडे सारखा होता.

मी छत्रपती संभाजीनगरला बसून मराठवाड्यातल्या लहान धंद्यांच्या वेबसाइटची कामं करतो. पोरं-सोरं पुण्यापासून टेक्सासपर्यंत पांगल्यामुळे 'तिकडून आपण दिसतो का' हा प्रश्न आता पैठणीवाल्यापासून लॉजवाल्यापर्यंत सगळे विचारतात. म्हणून तपासण्याची पूर्ण पद्धत एकदाची लिहून काढतोय. यातलं बहुतेक काम मोबाइल आणि एक वही एवढ्यावर होतं.

'आमचा गूगलवर पहिला नंबर आहे' हे वाक्य अर्धवट असतं, हे आधी मनाशी पक्कं करा. कोणत्या देशात, कोणत्या भाषेत, कोणता शब्द टाकून आणि मोबाइलवर की कॉम्प्युटरवर, हे चार तपशील सोबत नसतील तर त्या नंबरावरून काहीच कळत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला एका कंपनीनं वर्षभर दर महिन्याला पहिल्या नंबराचे स्क्रीनशॉट पाठवले. गिऱ्हाइकाचा माल जायचा परदेशात आणि स्क्रीनशॉट सगळे भारतातून काढलेले, तेही दुकानाचंच नाव टाकून. पैसे गेले आणि एक अख्खा हंगाम गेला. मला याचा अजून राग येतो, कारण दहा मिनिटं बसून तपासलं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं.

देश कशावरून ठरतो

पूर्वी देशाचं गूगल उघडायची पद्धत होती. भारताचं बघायचं तर डॉट को डॉट इन, ब्रिटनचं बघायचं तर डॉट को डॉट यूके. ऑक्टोबर 2017 पासून ते संपलं. पत्ता कोणताही टाका, तुम्ही जिथे बसला आहात तिथलेच निकाल मिळतात. एप्रिल 2025 मध्ये तर गूगलनं जाहीर केलं की देशोदेशीचे हे पत्ते हळूहळू गूगल डॉट कॉमवरच वळवले जातील. तरीही 'डॉट कॉम उघडा म्हणजे अमेरिकेचे निकाल दिसतील' हा सल्ला व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. त्यावर वेळ घालवू नका.

आता देश ठरतो तो मुख्यतः तुमच्या जागेवरून. ती जागा गूगलला कळते इंटरनेट जोडणीच्या आयपी पत्त्यावरून (प्रत्येक जोडणीला मिळणारा आकडी पत्ता), फोनच्या जीपीएसवरून, आणि तुम्ही लॉगिन असाल तर खात्यात साठवलेल्या घर-ऑफिसच्या पत्त्यांवरून. त्याशिवाय सेटिंगमध्ये 'भाषा आणि प्रदेश' असा भाग असतो. तिथे कधीकाळी कोणी दुसरा देश निवडून ठेवला असेल तर तोही निकालात उतरतो. शब्द कोणत्या लिपीत टाइप केला आणि फोन कोणत्या भाषेत आहे, याचाही वाटा आहेच.

आपल्याकडची एक खास अडचण सांगतो. मोबाइल डेटावर असताना आयपीवरून काढलेली जागा पुष्कळदा मुंबई किंवा पुणे अशी निघते, मग तुम्ही केजच्या शेतात उभे असा की लोह्याच्या बाजारात. म्हणून निकालांच्या पानाच्या अगदी तळाशी जा. गूगल तुम्हाला कुठे समजतंय ते तिथे लिहिलेलं असतं, आणि जागा दुरुस्त करायची सोयही तिथेच असते. तपासणीला बसलात की आधी हा तळ बघायचा, मग वरचे निकाल. माझी ही सवय मोडत नाही, आणि तिनं मला अनेकदा चुकीच्या निष्कर्षापासून वाचवलंय.

निकाल वेगळे का येतात: आधी शब्द बघा

कारणं बरीच आहेत. स्थानिक दुकानांना त्या देशात झुकतं माप मिळतं, कारण शोधणाऱ्याला माल तिथे मिळायला हवा असतो. त्या देशातल्या किती साइट तुमच्याकडे दुवा देतात, तुमचा पत्ता आणि फोन कुठला, किंमत कोणत्या चलनात, हे सगळं मोजलं जातं. कायदेही वेगळे असतात. युरोपीय न्यायालयाच्या 2014 च्या निकालानंतर तिथल्या माणसाला आपल्या नावावरचे काही निकाल काढून टाकण्याची मागणी करता येते. 2019 मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की हे काढणं जगभर लागू करायची गूगलवर सक्ती नाही. म्हणजे एकाच नावाचा शोध पॅरिसमध्ये एक दाखवू शकतो आणि परभणीत दुसरं. सोयीही सगळीकडे एकाच वेळी येत नाहीत: निकालांच्या डोक्यावर येणारा एआयचा सारांश अमेरिकेत मे 2024 मध्ये सुरू झाला आणि भारतात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये.

पण लहान धंद्याच्या बाबतीत सगळ्यात मोठं कारण माझ्या अनुभवात एकच असतं. तिकडची माणसं तुमच्या वस्तूला दुसऱ्याच नावानं हाक मारतात.

ज्वारीचंच घ्या. परदेशात राहणारा मराठी किंवा तेलुगू माणूस 'ज्वार फ्लोअर' शोधतो आणि त्याच्यापुढे भारतीय किराणा दुकानं येतात. अमेरिकन बाई, जिला गहू चालत नाही, ती 'सॉरगम फ्लोअर' शोधते आणि तिच्यापुढे ग्लुटेन-फ्री पिठांच्या कंपन्या आणि केकच्या कृती येतात. पीठ तेच, पण गिऱ्हाईक वेगळं, स्पर्धा वेगळी आणि भावही वेगळा. ताईंच्या साइटवर 'सॉरगम' हा शब्द एकदाही नव्हता. मग त्या शोधात साइट येणार कुठून?

सीताफळाची गंमत याहून मोठी आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण इंग्रजीत त्याला 'कस्टर्ड ॲपल' म्हणतो. अमेरिकेत याच फळाला 'शुगर ॲपल' म्हणतात. ऑस्ट्रेलियात 'कस्टर्ड ॲपल' म्हटलं की बहुधा ॲटेमोया नावाचं संकरित फळ समोर येतं. म्हणजे तुम्ही सीताफळाचा गर विकायला 'कस्टर्ड ॲपल पल्प' असं पान केलंत, तर ऑस्ट्रेलियात तुमची गाठ दुसऱ्याच फळाच्या बागायतदारांशी पडते. लातूरची तूरडाळ भारतीय घरांत 'तूर डाळ' किंवा 'टूर दाल' म्हणून शोधली जाते, बाकीच्या जगात 'पिजन पी', आणि जमैकात 'गुंगो पी'. वांगं भारतात 'ब्रिंजल', ब्रिटनमध्ये 'ओबर्जिन', अमेरिकेत 'एगप्लांट'.

तेव्हा कोणतंही साधन हातात घेण्याआधी वहीचं एक पान काढा. डावीकडे तुमची वस्तू, पुढे देशांचे रकाने. त्या त्या देशात राहणाऱ्या दोन माणसांना विचारा: एक आपलं माणूस आणि एक त्याच्या ओळखीतलं तिथलंच माणूस. "हे हवं असेल तर तू काय टाइप करशील?" एवढाच प्रश्न, वस्तूचा फोटो दाखवून. नाव आधी सांगायचं नाही, सांगितलं की तोच शब्द परत ऐकू येतो. ताईंच्या दिरानं दुबईत त्याच्या खोलीतल्या केरळी मित्राला आणि इमारतीखालच्या दुकानदाराला विचारलं. तीन माणसांनी तीन स्पेलिंग सांगितली. तिन्ही वहीत गेली.

गावाच्या नावाचा घोळ

हे आपल्या भागापुरतं आहे पण महत्त्वाचं आहे. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. इथली माणसं नवीन नाव टाइप करू लागली आहेत. अजिंठा-वेरूळ बघायला येणारा जर्मन किंवा जपानी प्रवासी मात्र अजून जुनंच नाव टाकतो, कारण त्याच्या जुन्या प्रवास-पुस्तकात तेच छापलेलं आहे. त्यात बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, त्यामुळे देवनागरीत जुनं नाव टाकलं तर तिकडच्या हिंदी बातम्या मिसळतात. आमच्या इथल्या हॉटेलांना आणि टॅक्सीवाल्यांना मी सांगतो: नवीन नाव ठळक लिहा, आणि इंग्रजी पानावर एका वाक्यात 'पूर्वीचं औरंगाबाद, अजिंठा आणि वेरूळ लेण्यांसाठीचं शहर' असं स्पष्ट द्या. वेरूळला परदेशी माणूस 'एलोरा' म्हणतो, तेही लिहा. दोन्ही नावांनी तपासणी करायची, आणि भारतातली व परदेशातली वेगवेगळी नोंदवायची.

तपासणी: घरबसल्या

ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे इनकॉग्निटो. त्यानं तुमची आधीची शोधयादी बाजूला पडते. जागा मात्र लपत नाही. बरेच जण इथे फसतात. इनकॉग्निटोमध्येही तुम्ही अंबाजोगाईतच असता.

देश बदलायचा सगळ्यात सोपा मार्ग निकालांच्या पत्त्यातच आहे. शब्द शोधा, निकाल आले की वर ब्राउझरमध्ये जो लांबलचक पत्ता दिसतो त्याच्या शेवटी & हे चिन्ह टाका, मग इंग्रजी लहान लिपीत जी आणि एल ही दोन अक्षरं, मग = हे चिन्ह, मग देशाचा दोन अक्षरी कोड: अमेरिकेसाठी यूएस, अमिरातीसाठी एई, कॅनडासाठी सीए, ऑस्ट्रेलियासाठी एयू. त्यालाच जोडून आणखी एक &, मग एच आणि एल, मग =, मग भाषेचा कोड, इंग्रजीसाठी ईएन. एंटर दाबा. जीएल म्हणजे देश, एचएल म्हणजे पानाची भाषा. ही दोन अक्षरं पाठ झाली की निम्मं काम झालं.

याची मर्यादा लक्षात ठेवा. या युक्तीनं देश बदलतो, शहर बदलत नाही. नकाशाची चौकट आणि जाहिराती तिथल्यासारख्या हुबेहूब येत नाहीत, कारण तुमचा आयपी इथलाच राहतो. पण आपण पाचव्या नंबरावर आहोत की पन्नासाव्या, याचा अंदाज पुरेसा येतो.

त्याहून नेमकं हवं असेल तर गूगल ॲड्सच्या खात्यात जाहिरातीचा नमुना दाखवणारं साधन असतं, 'ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस'. जाहिरात चालू नसली तरी ते उघडतं. तिथे शहर, भाषा आणि मोबाइल-कॉम्प्युटर असं निवडता येतं. ते साधन मुळात जाहिरातींसाठी आहे, पण पान तिथल्यासारखं दिसतं.

व्हीपीएनबद्दल, म्हणजे तुम्ही दुसऱ्या देशातून जोडल्यासारखं दाखवणाऱ्या सेवेबद्दल, सगळे विचारतात. मी क्वचित वापरतो. त्याचे आयपी हजारो लोक एकाच वेळी वापरत असतात, गूगल सारखं 'तुम्ही रोबोट नाही ना' विचारतं, आणि कधी कधी व्हीपीएन म्हणतं कॅनडा पण पानाचा तळ म्हणतो दुसरंच. वापरलंत तर तळ बघायला विसरू नका.

बिंग या मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रावरही बघा, विशेषतः गिऱ्हाईक ऑफिसात बसून शोधणारं असेल तर. आणि डकडकगो हे आणखी एक शोधयंत्र उघडलंत तर निकालांच्या वरच देश निवडायचं बटण असतं. पहिल्यांदा शिकणाऱ्याला मी तेच दाखवतो, कारण भारत आणि अमेरिका अशी अदलाबदल एका बोटानं करता येते आणि फरक लगेच डोळ्यांत भरतो. चीनचा विषय वेगळाच आहे, तिथे 2010 पासून गूगलची शोधसेवा नाही आणि बायडू चालतं. रशियात यांडेक्स, कोरियात नेव्हर. मराठवाड्यातल्या फार थोड्या धंद्यांना याची गरज पडते.

तपासणी: आपल्या माणसाकडून

कोणत्याही साधनापेक्षा मला तिकडे राहणाऱ्या भाच्याचा फोन जास्त भरवशाचा वाटतो. फक्त त्याला नीट सांगावं लागतं. मी हा मजकूर मराठीत लिहून ठेवलाय आणि जसाच्या तसा पाठवतो:

"इनकॉग्निटो उघड. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ये. खालचा शब्द कॉपी कर, स्वतः टाइप करू नकोस. पहिल्या पानाच्या तळापर्यंत स्क्रीनशॉट काढ, तळाची जागा दिसली पाहिजे. कशावरही क्लिक करू नकोस. आपली साइट शोधायला दुसरा शब्द टाकू नकोस. काही सापडलं नाही तरी तसंच पाठव."

शेवटची ओळ मुद्दाम घातलीय. आपली माणसं मायेपोटी मदत करायला जातात. साइट दिसली नाही की दुकानाचं नाव जोडून शोधतात, मग "सापडली की काकू" म्हणून स्क्रीनशॉट पाठवतात. आपल्याला 'नाही' हेच उत्तर हवं असतं, कारण काम तिथूनच सुरू होतं.

शक्य असेल तर एका देशात दोन शहरांतून हे करून घ्या. आणि एकच दिवस बघून ठरवू नका. निकाल दिवसागणिक हलतात. मी तीन वेगवेगळ्या दिवशींच्या नोंदी घेतो आणि मधली धरतो.

सर्च कन्सोल: आकडा वाचायचा कसा

गूगल सर्च कन्सोल म्हणजे आपली साइट शोधात कशी दिसते ते मालकाला सांगणारं गूगलचं साधन. तुमची साइट त्याला जोडलेली नसेल तर आजच जोडा. फुकट आहे आणि 16 महिन्यांचा हिशोब ठेवतं. जोडलेली असेल तर 'परफॉर्मन्स'मध्ये जा, तिथे 'कंट्रीज' असा भाग आहे. कोणत्या देशात तुमची साइट किती वेळा दिसली, किती जणांनी उघडली आणि सरासरी कितव्या जागी होती, सगळं तिथे आहे. एका देशावर बोट ठेवा, मग शब्दांच्या यादीवर या: त्या देशातल्या लोकांनी काय टाइप केलं ते दिसतं. फार थोड्या लोकांनी टाकलेले शब्द गूगल लपवतं, त्यामुळे बेरीज जुळली नाही तर घाबरू नका.

सरासरीनं माणूस कसा फसतो ते आकड्यात दाखवतो. समजा भारतात साइट 900 वेळा दिसली, सरासरी जागा 6. अमेरिकेत 40 वेळा दिसली, सरासरी जागा 31. 900 गुणिले 6 म्हणजे 5400, 40 गुणिले 31 म्हणजे 1240, बेरीज 6640, भागिले 940. एकूण सरासरी येते साधारण 7. मालक म्हणतो, वा, पहिल्या पानावर आहोत. अमेरिकेतलं गिऱ्हाईक मात्र चौथ्या पानापर्यंत कधीच येत नाही. म्हणून देश न निवडता काढलेली सरासरी मी बघतच नाही.

उलटही होतं. एखाद्या देशासमोर 'सरासरी जागा 2' दिसते आणि मन उडी मारतं. बाजूला बघावं तर साइट दिसली फक्त तीन वेळा, आणि तिन्ही वेळा शब्द होता दुकानाचं नाव. तो तुमचा चुलतभाऊ असतो.

नांदेडचं उदाहरण, कारण त्यात दोन देश एकाच गिऱ्हाइकात आहेत

नांदेडच्या एका लॉजमालकांसाठी मी हेच केलं होतं. तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला दर्शनाला येणारे शीख भाविक कॅनडा, ब्रिटन, अमेरिकेतूनही येतात. सर्च कन्सोलमध्ये देश उघडला तर भारताखालोखाल कॅनडा. शब्द बघितले तर 'हुजूर साहिब'ची इंग्रजीत निरनिराळी स्पेलिंग, कधी यू, कधी डबल ओ. 'नांदेड' शब्द कित्येक शोधांत नव्हताच. आमच्या साइटच्या शीर्षकात मात्र 'नांदेडमधील उत्तम लॉज' एवढंच. तिकडच्या भाविकाच्या मनात गाव येत नाही, गुरुद्वारा येतो.

दुसरी गोष्ट नंतर लक्षात आली. हाच भाविक दोनदा शोधतो. एकदा कॅनडातून, प्रवास ठरवताना. तेव्हा त्याला लांब माहिती हवी असते: स्टेशनपासून अंतर, गरम पाणी, परदेशी कार्ड चालतं का, म्हाताऱ्या माणसांसाठी लिफ्ट आहे का. दुसऱ्यांदा नांदेडला उतरल्यावर, स्टेशनबाहेर उभा राहून. तेव्हा त्याला नकाशा आणि फोन नंबर हवा असतो. पहिल्या शोधाला वेबसाइटचं पान उपयोगी पडतं. दुसऱ्याला गूगलवरची व्यवसायाची नोंद, जिथे अंतर, मजकुराचा मेळ आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर क्रम ठरतो. दुसरा शोध तपासायला कॅनडातल्या माणसाचा काही उपयोग नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये 'सेन्सर्स' उघडा, तिथे अक्षांश 19.15 आणि रेखांश 77.32 टाका, आणि निकालांच्या तळाशी जाऊन जागा ताजी करा. गूगलला तुम्ही नांदेडात उभे दिसाल.

दुरुस्ती कुठून करायची

तिकडे माल जातो का, हे सगळ्यात आधी. खाद्यपदार्थ परदेशी पाठवायला आयात-निर्यात कोड लागतो, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना लागतो, आणि त्या देशाचे स्वतःचे नियम असतात. माल पोचणार नसेल तर तिथे वर दिसून फक्त निराश माणसांचे फोन येतात. ताईंच्या गटानं आधी हे उरकलं आणि सुरुवात फक्त अमिरातीपासून केली. मला तो निर्णय फार शहाणपणाचा वाटला.

मग पान. बहुतेक लहान धंद्यांना देशागणिक वेगळी साइट लागत नाही, आणि तसं विकायला येणाऱ्यांचं ऐकू नका. एक चांगलं इंग्रजी पान पुरतं, ज्यात वहीतले सगळे शब्द वाक्यांत बसवलेले असतील, कोणत्या देशात किती दिवसांत आणि किती खर्चात पोचतं ते लिहिलेलं असेल, फोन नंबर अधिक 91 लावून दिलेला असेल. किंमत, माल किंवा पोचवण्याची पद्धत खरंच वेगळी असेल तेव्हाच वेगळं पान करा. भाषा तीच, मजकूर तोच आणि फक्त देशाचं नाव बदललेलं अशी पाच पानं केलीत तर गूगल त्यांना एकच समजून चार बाजूला ठेवू शकतं.

वेगळी पानं केलीतच तर एचरेफलँग नावाची खूण लावावी लागते, 'हे पान अमुक भाषेच्या अमुक देशातल्या माणसासाठी' असं सांगणारी. ती 2011 च्या अखेरीस आली. तिच्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की ती लावली की क्रम वर जातो. जात नाही. जे पान दिसणारच होतं त्याच्या जागी योग्य देशाचं पान ठेवायचं, एवढंच तिचं काम. नियम कडक आहेत: प्रत्येक पानानं बाकी सगळ्यांकडे आणि स्वतःकडेही बोट दाखवायचं, एकानं दाखवलं आणि दुसऱ्यानं परत दाखवलं नाही तर खूण बाद. कोडमध्ये भाषा आधी, देश नंतर. फक्त देश लिहून चालत नाही: कोणी कॅनडासाठी नुसतं सीए लिहिलं तर त्याचा अर्थ होतो कॅटलान भाषा. ब्रिटनचा देशकोड इथे यूके नाही, जीबी आहे. आणि आपल्या मराठीचा भाषाकोड एमआर, जो देशकोड म्हणून मॉरिटानियाचा आहे, त्यामुळे जागा उलटसुलट झाली की मराठी पान वाळवंटात जातं. कॅनॉनिकल नावाची, 'मूळ पान हे' असं सांगणारी दुसरी खूणही तपासा. सगळ्या देशांच्या पानांनी ती भारताच्या पानाकडे लावलेली असेल तर बाकीची पानं निकालांतून गळतात.

आणि एक चूक जिच्यासाठी मी हात जोडून विनवतो: पाहुण्याचा आयपी बघून त्याला आपोआप दुसऱ्या पानावर ढकलू नका. पैठणच्या एका विणकर कुटुंबाच्या साइटवर कोणीतरी अशी सोय बसवली होती. भारताबाहेरून कोणी आलं की थेट डॉलरच्या पानावर. गूगलचा रोबोट, म्हणजे साइट वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, बहुतेक वेळा अमेरिकेतल्या आयपीवरून येतो. त्याला रुपयांचं पान दिसलंच नाही. परिणाम असा की पुण्यातली बाई पैठणी शोधायची आणि निकालात तिला डॉलरमधली किंमत दिसायची. लग्नसराईचे दोन महिने फोन येईनात, आणि त्या घरातल्या आजोबांना वाटलं हातमागाचे दिवसच संपले. आम्ही ते ढकलणं काढलं आणि वर एक पट्टी टाकली: 'परदेशातून बघताय? डॉलरमधल्या किमती इथे.' माणूस स्वतः निवडतो, रोबोटला दोन्ही पानं दिसतात.

डॉट इन पत्त्याबद्दल थोडक्यात. तो भारताची खूण म्हणून वाचला जातो. गिऱ्हाईक मुख्यतः भारतातलं असेल तर उत्तम, मुख्यतः बाहेरचं असेल तर डॉट कॉम बरा. पूर्वी सर्च कन्सोलमध्ये डॉट कॉमसाठी देश निवडता यायचा, ती सोय 2022 मध्ये बंद झाली. चालू साइटचा पत्ता मात्र घाईनं बदलू नका. आधी शब्द आणि पान सुधारा, सहा महिने बघा.

तिकडच्या साइटनी तुमच्याकडे दुवा देणं हे सगळ्यात सावकाश होणारं पण टिकणारं काम आहे. तुमचा माल ठेवणारं तिथलं किराणा दुकान, गणपतीत स्टॉल लावू देणारं महाराष्ट्र मंडळ, भाकरीची कृती लिहिणारी तिथली एखादी गृहिणी. पैसे देऊन शंभर दुवे घेण्यापेक्षा असे तीन मिळवा.

ताईंच्या पानावर आम्ही 'सॉरगम' आणला, दिरानं सांगितलेली तिन्ही स्पेलिंग आणली, आणि एक परिच्छेद शेतात जाऊन साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येच्या आंबिलाचा टाकला: पीठ किती, ताक किती, रात्रभर कसं ठेवायचं. तो परिच्छेद ताईंनी स्वतः बोलून दिला, मी फक्त उतरवला. परदेशात शेत नसतं, पण मार्गशीर्षात आंबिलाची आठवण लातूर-बीडच्या माणसाला येतेच, आणि तो ती कृती शोधतो.

पुढची तपासणी वेळ अमावस्येनंतरच्या सोमवारी ठरली आहे. शब्द तेच, दिराचा फोन तोच, मोबाइल डेटावर. वहीत तारखेचा रकाना ताईंनी आधीच आखून ठेवलाय.